चौकोनी डोकं, गोल डोकं: रंधा मशीनच्या पात्यांची गोष्ट

हा भाग ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं वाटतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोलताना जे घसरलं ते थोडं सावरलंय, बाकी तसंच ठेवलंय.

गेल्या दिवाळीत मामेभावाचा फोन आला. कराडजवळ त्याची सुतारकामाची शेड आहे. दारं, चौकटी, खिडक्या, अधूनमधून एखादा देव्हारा. म्हणाला, "तू इतिहासाचं वाचत असतोस ना, मग एक सांग. रंधा मशीनचं डोकं बदलायचंय. दुकानदार तीन प्रकारची दाखवतोय. कुठलं घेऊ?"

मी म्हटलं, "अरे, मी इतिहास वाचतो. यंत्रातलं मला काय कळतं?"

"मग इतिहास वाचून सांग."

त्याने हे चेष्टेत म्हटलं होतं, पण मी खरंच वाचायला बसलो. त्याचं कारण म्हणजे आमचे मामा. मामांच्या डाव्या हाताची दोन बोटं, तर्जनी आणि मधलं, दुसऱ्या पेरापासून नाहीत. लहानपणी आम्हा पोरांना त्याचं काही वाटायचं नाही. मामांचा हात असाच असतो, एवढंच. ती बोटं १९८७ च्या पावसाळ्यात गेली. ज्या लोखंडी ठोकळ्याने ती नेली तो आजही शेडमध्ये आहे. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून दाराला लावून ठेवलेला असतो. दहा-बारा किलोचा, फूटभर लांब, चारही बाजू सपाट. हेच ते जुनं डोकं, आमच्याकडच्या भाषेत चौकोनी कटर ब्लॉक.

आजची गोष्ट या ठोकळ्याची आहे. तो एवढी वर्षं का टिकला, तो जाऊन गोल कधी आला, आणि कराडच्या शेडपर्यंत पोचायला त्या गोल डोक्याला एवढा उशीर का झाला?

आधी यंत्र समजून घेऊ. ज्यांना माहीत आहे त्यांनी दोन परिच्छेद सोडले तरी चालेल. हाताच्या रंध्यात एक पातं असतं आणि ते लाकडावरून सरळ पुढे जातं. मशीनमध्ये पातं एका फिरत्या दंडगोलात किंवा ठोकळ्यात बसवलेलं असतं, तो एका जागी गरगर फिरतो आणि लाकूड त्याच्यावरून सरकतं. यात दोन जाती आहेत. एकात पाती टेबलाच्या फटीतून किंचित वर डोकावतात आणि माणूस हाताने फळी दाबून त्यांच्यावरून ढकलतो. हा सरफेस रंधा. वाकडी फळी सपाट करणं, कड सरळ करणं ही त्याची कामं. दुसरा थिकनेसर. त्यात पाती वर असतात, फळी रोलर आत ओढून घेतात आणि सगळीकडे एकसारख्या जाडीची करून बाहेर टाकतात. थिकनेसरमध्ये हात पात्यांजवळ जात नाही. सरफेस रंध्यावर प्रत्येक फळीला हात पात्यांच्या वरूनच जातो.

दोन्हीकडे पृष्ठभाग खरं तर सपाट होतच नाही. पातं गोल फिरतं, त्यामुळे प्रत्येक घाव लाकडावर एक उथळ खळगी पाडतो. समजा, डोकं मिनिटाला ४,५०० फेरे घेतंय, त्यात तीन पाती आहेत आणि फळी मिनिटाला सहा मीटर सरकतेय. म्हणजे मिनिटाला १३,५०० घाव, आणि दोन घावांत अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी अंतर. ते डोळ्यांना दिसत नाही. फळी घाईने ढकलली की दिसायला लागतं, आणि पॉलिश मारल्यावर तर उन्हात लाटा चमकतात. "मशीनचं काम" म्हणून जुने सुतार नाक मुरडतात ते याच लाटांना.

आता मागे जाऊ.

लाकूड रंधायचं यंत्र करायची कल्पना इंग्लंडमध्ये ज्याने नेटाने पुढे नेली तो सॅम्युअल बेंथम. तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम याचा धाकटा भाऊ. सॅम्युअल मूळचा जहाजबांधणीतला माणूस. तो रशियात गेला आणि पोटेमकिनच्या क्रिचेव्ह इथल्या जहागिरीवर कारखाने सांभाळू लागला. हे गाव आज बेलारूसमध्ये आहे. तिथे अडाणी मजुरांकडून काम करून घ्यायचं होतं आणि वर लक्ष ठेवायला माणसं थोडी. म्हणून त्याने अशी गोल इमारत कल्पिली की मधे बसलेल्या एकाला सगळे दिसावेत. थोरल्या भावाने हीच कल्पना उचलून तिचा तुरुंग केला, तो प्रसिद्ध पॅनॉप्टिकॉन. तुरुंगाची ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. तिच्या पोटात रंधा मशीन आहे हे मलाही माहीत नव्हतं.

सॅम्युअलने १७९१ मध्ये रंधायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. ते म्हणजे हाताचाच रंधा, फक्त यंत्राने पुढे-मागे ओढलेला. १७९३ मध्ये त्याने दुसरं, फार मोठं पेटंट घेतलं आणि त्यात फिरती पाती आली. या यंत्रांवर कोण काम करणार होतं? भावाच्या नियोजित तुरुंगातले कैदी! म्हणजे लाकूडकामाचं कसब कारागिराच्या हातातून काढून यंत्रात घालायचं, की मग कुठलाही हात चालेल. तो तुरुंग कधी बांधलाच गेला नाही. सॅम्युअल पुढे आरमाराच्या कामांचा महानिरीक्षक झाला आणि पोर्ट्समथच्या गोदीत यंत्रं आणण्यामागे त्याचा मोठा हात होता. पण "कुठलाही हात चालेल" हे वाक्य लक्षात राहू द्या. पुढची शंभर वर्षं यंत्र करणाऱ्यांनी लाकडाचा विचार बारकाईने केला. हाताचा मात्र फारसा केला नाही.

१८०२ मध्ये जोसेफ ब्रामाने वेगळा मार्ग धरला. हा ब्रामा म्हणजे कुलपं आणि हायड्रॉलिक प्रेसवाला. त्याने एक मोठं आडवं चाक उभ्या दांड्यावर बसवलं आणि चाकाच्या खालच्या अंगाला पाती लावली. लाकूड खालून सरकायचं. वुलिचच्या शस्त्रागारात ते चाललं. जड तुळया सपाट करायला झकास, पण तक्तपोशीच्या हजारो फळ्या पटापट काढायला अवजड.

फळ्यांचा प्रश्न सुटला तो अमेरिकेत. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावच्या विल्यम वुडवर्थला २७ डिसेंबर १८२८ रोजी पेटंट मिळालं. त्याच्या यंत्रात आडव्या दांड्यावर फिरणारी पाती होती, आणि फळी उसळू नये म्हणून तिला दाबून धरणारे रोलर. आजचा थिकनेसर उघडून पाहिलात तर आत हीच मांडणी आहे. पुढच्याच वर्षी उरी एमन्स नावाच्या माणसाला जवळजवळ तशाच यंत्राचं पेटंट मिळालं. कोर्टात जाण्यापेक्षा दोन्ही बाजूंनी हक्कांची अदलाबदल केली आणि एक घट्ट मक्तेदारी उभी राहिली.

पेटंट चौदा वर्षांचं होतं. वुडवर्थ १८३९ मध्ये वारला. १८४२ मध्ये पेटंटला सात वर्षांची मुदतवाढ मिळाली. मग १८४५ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने खास कायदा करून आणखी सात वर्षं दिली. एकूण अठ्ठावीस वर्षं, १८५६ पर्यंत! हक्कदारांनी देश प्रांताप्रांतांत वाटून घेतला आणि परवाने विकले. रंधलेली फळी हवी असेल तर पैसे त्यांच्याकडे जाणारच. खटले इतके झाले की १८४६ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तिथे निवाडा झाला, की ज्यांच्याकडे आधीपासून हक्काने घेतलेली यंत्रं आहेत त्यांना ती वाढीव मुदतीतही चालवता येतील.

डोक्याच्या गोष्टीत हा पेटंटचा भाग का, असं वाटेल. तर, आडव्या दांड्यावरची फिरती पाती आणि रोलर ही जोडी बांधली गेल्यावर बाकीच्या कल्पक लोकांना वळसे घालावे लागले. कोणी पाती स्थिर ठेवून फळी त्यांच्यावरून ओढायचा घाट घातला. वूस्टरच्या थॉमस डॅनियल्सने १८३४ मध्ये पंख्यासारख्या फिरणाऱ्या आडव्या हाताच्या टोकांना पाती लावली. ते यंत्र पीळ पडलेल्या जाड तुळया सरळ करायला इतकं चांगलं निघालं, की रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यांत पुढे कित्येक वर्षं राहिलं. पण १८५६ नंतर मैदान मोकळं झालं आणि सगळे पुन्हा आडव्या दांड्याकडे आले. त्या दांड्यावर जे डोकं सरसकट बसलं ते चौकोनी.

आता आपण चौकोनी डोक्याला शिव्या घालायच्या आधी त्याची बाजू ऐकू या. मला स्वतःला वाचता वाचता त्याच्याबद्दल आदर वाटायला लागला, ही कबुली देतो.

चौकोनी ठोकळा कुठल्याही बऱ्या वर्कशॉपमध्ये होतो. लोखंड घडवायचं, चार बाजू सपाट करायच्या, त्यात बोल्टसाठी खाचा पाडायच्या. पातं सपाट बाजूवर ठेवून बोल्टने आवळलं की झालं. सरळ पातं लावा, फळी रंधा. ते काढून नक्षीचं पातं लावा, चौकटीला गोलाई द्या. एका डोक्यावर दहा कामं. शिवाय त्या काळचं पातं साध्या पोलादाचं, ते जाडजूडच लागायचं, कारण पातळ केलं तर घावाखाली थरथरायचं आणि तापून धार सोडायचं. जाड पातं बसवायला सपाट बाजूइतकी सोयीची जागा नाही. ढलप्या बाहेर पडायलाही भरपूर वाव. १८३९ मध्ये आयझॅक बॅबिटच्या मिश्रधातूचं पेटंट झालं, बेअरिंगमध्ये ते ओतायला लागले आणि डोकी जास्त वेगाने फिरू लागली. आपल्याकडे जुने फिटर अजून "बॅबिट भरायचंय" म्हणतात, तो हा बॅबिट. थोडक्यात, चौकोनी डोकं हे त्या काळच्या पोलादाचं आणि त्या काळच्या हत्यारांचं अगदी शहाणं उत्तर होतं.

थिकनेसरमध्ये ते होतंही ठीक. घात झाला तो सरफेस रंध्यावर.

कागद घ्या आणि शंभर मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ काढा. त्याच्या आत कोपरे टेकतील असा चौकोन काढा. फिरताना कोपरे वर्तुळावर असतात. पण चौकोनाच्या बाजूचा मध्य? तो वर्तुळाच्या रेषेपासून सुमारे १५ मिलिमीटर आत असतो. साधारण एका बोटाची जाडी. म्हणजे डोकं फिरताना टेबलाच्या फटीत क्षणभर बोटभर खोल खड्डा येतो, पुढच्या क्षणी पात्याचा कोपरा येतो, पुन्हा खड्डा, पुन्हा कोपरा. सेकंदाला शंभराहून जास्त वेळा. हात घसरून तिथे गेला तर बोट खड्ड्यात उतरतं आणि येणारं पातं त्याला नुसतं कापत नाही, आत ओढतं. कोपऱ्यांना फिरायला जागा हवी म्हणून टेबलाच्या दोन भागांमधली फटही रुंद ठेवावी लागते. ओढलेला हात थांबायला काहीच नसतं.

गोल डोकं म्हणजे स्वयंपाकघरातलं लाटणं समजा. लाटण्यात लांबीच्या दिशेने खाचा, खाचांत पातळ पाती पाचरीने आवळलेली, आणि धार बाहेर डोकावते ती जेमतेम मिलिमीटरभर. हाताने ढकलायच्या यंत्रांसाठी आजच्या युरोपीय मानकात ही मर्यादा १.१ मिलिमीटर आहे. बोट लागलं तर जखम होते, चांगली होते, टाके पडतात, शेंडा जाऊ शकतो. पण मागचा गोल अंग बोटाला वरच अडवून धरतो. पेरापर्यंत आत जायला जागाच नाही. एवढाच फरक. चौकोनाचा गोल केला, बस.

मग हे आधी का सुचलं नाही? सुचायला अवघड नव्हतं, करायला अवघड होतं. पातळ पात्याने धार धरायला वेगळं पोलाद हवं. ते फ्रेडरिक टेलर आणि मॉन्सेल व्हाइट यांनी अमेरिकेत बेथलेहेम स्टीलमध्ये काढलं आणि १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात जगाला दाखवलं. हायस्पीड स्टील, आपलं एचएसएस. लाल होईपर्यंत तापलं तरी कापत राहणारं. ते आल्यावर तीन-चार मिलिमीटर जाडीचं पातं पुरेसं झालं आणि गोल डोकं कागदावरून कारखान्यात उतरलं.

तरी नुसतं शक्य झालं म्हणून कोणी चालू यंत्राचं डोकं उपटून नवं बसवत नाही. त्याला पैसे पडतात, आणि बोटं तर मालकाची नसतात. हे बदललं ते विम्यामुळे. जर्मनीत १८८४ चा अपघात विमा कायदा झाला. भरपाईचा खर्च एकेका उद्योगातल्या मालकांच्या संघांवर पडू लागला, आणि अपघात टाळायचे नियम करायचा अधिकारही त्याच संघांना मिळाला. हात कापला गेला की बिल आपल्यालाच येतं हे कळल्यावर चौकोनाचा गोल करायची निकड एकदम वाढली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोल "सुरक्षा" डोक्यांचा प्रसार तिथूनच जोरात झाला. मला हे जरा कडू वाटतं. पण भूतदयेने जे शंभर वर्षांत झालं नाही ते हिशेबाने वीस-पंचवीस वर्षांत झालं, हे नाकारता येत नाही.

हिशेब आपल्याकडेही आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला एक परिशिष्ट जोडलेलं होतं. त्यात कुठला अवयव गेला तर कमावण्याची शक्ती किती टक्के गेली असं धरायचं, त्याचा तक्ता होता. त्यात अख्ख्या तर्जनीचे १४ टक्के होते, अख्ख्या मधल्या बोटाचे १२, अंगठ्याचे ३०. तो तक्ता मी मामांना वाचून दाखवला. त्यांनी हाताकडे पाहिलं आणि विचारलं, "आणि पटाशी धरता येत नाही त्याचे किती?"

ब्रिटनने १९२२ मध्ये लाकूडकामाच्या यंत्रांसाठी नियम केले. त्यात साफ म्हटलं, की फळी यंत्राने आत ओढली जात नसेल, तर सरफेस रंध्यावर गोल कटर ब्लॉकच हवा. शिवाय पात्यांच्या फटीवर पुलासारखं झाकण हवं. स्वातंत्र्यानंतर आपला १९४८ चा कारखाना कायदा आला, त्याखाली राज्यांनी नियम केले, आणि लाकूडकामाच्या यंत्रांच्या भागात हाच दंडक जवळजवळ त्याच शब्दांत आला. गोल कटर ब्लॉक, वर पुलासारखं झाकण, छोट्या तुकड्यांना ढकलायला काठी.

म्हणजे १९८७ मध्ये, मामांची बोटं गेली तेव्हा, नियम पुस्तकात होता. मग मामांच्या मशीनवर चौकोनी डोकं कसं?

कारण तो कायदा ज्याला कारखाना म्हणायचा तो म्हणजे वीज वापरणारा आणि किमान दहा माणसं असलेला. मामांच्या शेडमध्ये माणसं चार. मोठ्या कारखान्यांनी नियमाप्रमाणे डोकी बदलली असतील, जुनी यंत्रं भंगारात किंवा जुन्या बाजारात गेली असतील, आणि तिथून ती चार माणसांच्या शेडमध्ये पोचली. मामांनी ते मशीन एका जुनी यंत्रं विकणाऱ्याकडून घेतलं होतं. तो म्हणाला होता, "जुना माल आहे, हत्तीसारखा. याला काही होत नाही." ते खरंच होतं. मशीनला काहीच झालं नाही.

त्या दिवशी काय झालं ते मामा फार थोडक्यात सांगतात. बाभळीचा आखूड तुकडा होता, गाठ असलेला. गाठीवर पातं अडलं, तुकडा मागे उडाला, आणि तुकड्यावर जोर देणारा हात जिथे तुकडा होता तिथे खाली आला. दवाखाना, दोन महिने घरी, मग पुन्हा काम. पुढच्या वर्षी त्यांनी उसने पैसे घेऊन गोल डोकं बसवलं आणि चौकोनी दाराला लावलं.

मामांनी बसवलेलं ते गोल डोकं, तीन पात्यांचं, यंदा बेअरिंगच्या जागी झिजलं. म्हणून मामेभावाचा फोन.

दुकानदार जी तीन डोकी दाखवत होता ती आता पाहू. पहिलं म्हणजे आहे तसलंच नवं: गोल, तीन सरळ एचएसएस पाती. दुसरं, पाती चटकन सरकवून बदलता येतात असं. युरोपात टेर्सा पद्धतीची असतात तसलं. तिसरं स्पायरल. यात लांब पातीच नाहीत. डोक्यावर मळसूत्रासारख्या ओळींत टंगस्टन कार्बाइडचे नखाएवढे चौकोनी तुकडे स्क्रूने बसवलेले. एक धार गेली की तुकडा पाव वळण फिरवायचा. चार धारा मिळतात.

स्पायरलची कल्पना नवी नाही, बरं का. तिरकं पातं गोडीने कापतं हे हाताचा रंधा तिरका धरणाऱ्या प्रत्येक सुताराला माहीत आहे. एडविन बडिंगने १८३० मध्ये हिरवळ कापायचं यंत्र केलं, त्याचा पीळदार पात्यांचा रूळ त्याने कापड कातरणाऱ्या यंत्रावरून घेतला होता. मग लाकडात एवढा उशीर का? धार लावायची कशी, हा प्रश्न होता. सरळ पातं कुठल्याही दगडावर घासता येतं. पीळ दिलेल्या लांब पात्याला धार लावायला वेगळं यंत्र हवं, ते छोट्या सुताराकडे कुठून येणार? कार्बाइडने तो प्रश्नच काढून टाकला. जर्मनीत ओसरामच्या कार्ल श्रोटरने १९२३ मध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि काही वर्षांतच क्रुपने ते विडिया नावाने बाजारात आणलं. हिऱ्यासारखं, असा त्या नावाचा अर्थ. धार लावायचीच नाही, तुकडा फिरवायचा.

आणि दुसरी गोष्ट आवाज. सरळ पातं लाकडाच्या सगळ्या रुंदीवर एकदम आदळतं. लाकूड नसतानाही प्रत्येक पातं टेबलाच्या कडेजवळून जाताना हवा चिरडतं, भोंग्यासारखं. ४,५०० फेरे आणि तीन पाती म्हणजे सेकंदाला २२५ ठोके. हार्मोनियमवर पांढरी सहाच्या जरा वर. शेडमध्ये लहानपणी दिवसभर ऐकलेला सूर हा होता हे आता कळतंय, आणि मामांशी मोठ्याने का बोलावं लागतं तेही. अमेरिकेत १९७० च्या दशकात कामगारांच्या कानांसाठी आठ तासांना ९० डेसिबलची मर्यादा लागू झाली, तेव्हा कारखान्यांना शांत डोक्यांची खरी गरज भासू लागली. स्पायरलमध्ये एका वेळी दोन-चार तुकडेच लाकडात असतात, एक सुटतो तोवर दुसरा शिरतो. आदळणं नाही, त्यामुळे भोंगाही नाही.

मग सरळ स्पायरलच घे म्हणून सांगायचं? मी इथे जरा अडलो. नव्याने धार लावलेलं एचएसएस पातं कार्बाइडपेक्षा तीक्ष्ण असतं. मऊ, सरळ रेषांच्या लाकडावर त्याने काढलेला पृष्ठभाग काचेसारखा येतो. स्पायरलने कधी कधी तुकड्यांच्या जोडाच्या बारीक रेघा राहतात, त्या कागदाने घासाव्या लागतात. मोटरही थोडी ताकदीची लागते. पैसे कितीतरी जास्त. पण भावाकडे निम्म्याहून जास्त काम सागाचं. सागात सिलिका असते, ती एचएसएसची धार खाऊन टाकते. दर आठवड्याला पाती काढा, धारेला पाठवा, पुन्हा एका पातळीत बसवा. तीनमधलं एक पातं केसभर वर राहिलं की शेवटचा हात त्या एकाच पात्याचा, आणि तीन पात्यांचे पैसे देऊन काम एकाचं. त्यात जुन्या वाड्यांच्या तुळया येतात, त्यांच्यात उलटसुलट रेषा. सरळ पातं तिथे लाकूड उपटतं, स्पायरल कमी उपटतं. मात्र त्याच तुळयांत जुने खिळे असतात. खिळा लागला तर कार्बाइडचा तुकडा फुटतो. फुटले तेवढेच तुकडे बदलायचे, अख्खं पातं नाही, हा त्यातल्या त्यात दिलासा.

मी त्याला म्हटलं, "साग आणि वाड्याचं लाकूड हेच मुख्य असेल तर स्पायरल. पाइनची कामं जास्त असती तर तीन पाती घे म्हटलं असतं. आणि काहीही घेतलंस तरी पुलाचं झाकण आधी घे. डोकं कुठलंही असो, ते कापतंच."

झाकणाचं ऐकून तो गप्प झाला. जुन्या मशीनचं झाकण होतं, पण आडवं येतं म्हणून काढून फळीवर ठेवलेलं होतं. मामांच्याच शेडमध्ये. मामांसमोर.

मार्चमध्ये मी कराडला गेलो तेव्हा स्पायरल डोकं बसलेलं होतं आणि झाकणही जागेवर होतं. भावाने सागाची फळी काढून दाखवली. मी हात फिरवला. खरंच, गाठीच्या आजूबाजूलाही कुठे उपटलेलं नव्हतं. मामा खुर्चीत बसले होते. भावाने फळी बाजूला ठेवली आणि आम्ही बोलत उभे राहिलो. थोड्या वेळाने मामा उठले, मशीनजवळ आले आणि टेबलावर साचलेला भुसा झटकायला हात पुढे केला. भाऊ ओरडला. डोकं फिरत होतं.

मामांनी हात मागे घेतला आणि मशीनकडे बराच वेळ पाहिलं. "चालू होतं?" म्हणाले. "आवाजच नाही रे."

चाळीस वर्षं त्यांनी मशीन चालू आहे की बंद हे कानांनी ओळखलं होतं. दुसऱ्या दिवशी भावाने स्टार्टरला जोडून वर एक लाल दिवा लावला. मामांनी तो डोळ्यांच्या उंचीवर घ्यायला लावला.